गरोदरपणातली साखर आणि मोबाइल ॲप: आधी ॲपला सांगा की तुम्ही गरोदर आहात

सव्विसाव्या आठवड्यात ग्लुकोजचं पाणी पिऊन केलेल्या तपासणीत माझी साखर वाढलेली निघाली. त्याच संध्याकाळी मी फोनवर तीन ॲप उतरवली. त्यातली दोन आठवड्याभरात काढून टाकली आणि उरलेल्या तिसऱ्यानं मला आठ दिवस गोड बोलून फसवलं. जेवणानंतर १६०-१६५ आकडा यायचा, ॲप त्यासमोर हिरवा ठिपका दाखवायचं आणि मी निश्चिंत व्हायचे. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी फोन हातात घेतला, यादी वर-खाली केली आणि विचारलं, "हे हिरवं कोणी केलं?"

चूक ॲपची म्हणावी तर अर्धीच. बाजारातली बहुतेक साखरेची ॲप साध्या मधुमेहासाठी बनवलेली असतात आणि त्यात आधीपासून भरलेली मर्यादा बहुधा ७० ते १८० असते. गरोदरपणात जेवणानंतर तासाभरानं १४० च्या आत राहायचं असतं. म्हणजे १४० ते १८० मधला प्रत्येक आकडा ॲपच्या दृष्टीनं उत्तम आणि बाळाच्या दृष्टीनं जास्त. आईच्या रक्तातली साखर वारेतून (प्लॅसेंटातून) बाळाकडे जाते, आई बनवते ते इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळाचं स्वादुपिंड स्वतः जादा इन्सुलिन बनवू लागतं, बाळाचं वजन वाढतं आणि जन्मल्यावर त्याची साखर एकदम खाली जाऊ शकते. हिरव्या ठिपक्यावर विसंबून चालत नाही ते यासाठी.

गरोदरपणात नव्यानं मधुमेह निघालेल्यांसाठी हा लेख आहे. ज्यांना आधीपासून टाइप १ किंवा टाइप २ आहे त्यांनाही बरंचसं लागू पडेल. त्यांच्यासाठी वेगळं असेल तिथे तसं सांगितलं आहे. औषध, इन्सुलिनचे युनिट आणि आहाराचं प्रमाण डॉक्टर व आहारतज्ज्ञ ठरवतात. ॲप कसं वापरायचं, एवढ्यापुरतंच मी बोलणार आहे.

१. ॲप उतरवण्याआधी कागद-पेन घ्या

डॉक्टरांकडून पुढच्या गोष्टी लिहूनच घ्या. तोंडी ऐकलेलं घरी पोचेपर्यंत निम्मं विसरतं.

– उपाशीपोटीची, जेवणानंतर १ तासाची आणि २ तासांची तुमची मर्यादा
– दिवसातून किती वेळा तपासायचं आणि कधी कधी
– तास मोजायचा तो पहिल्या घासापासून की जेवण संपल्यापासून
– किती खाली गेल्यावर लगेच काहीतरी खायचं, आणि काय
– कोणता आकडा किती वेळा आला की फोन करायचा, आणि रात्री कोणाला करायचा

अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मर्यादा अशा आहेत: उपाशीपोटी ९५ च्या खाली, १ तासानं १४० च्या खाली किंवा २ तासांनी १२० च्या खाली (सगळे आकडे मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटर). ब्रिटनमधली नाइस ही संस्था उपाशीपोटीचा आणि १ तासाचा आकडा तोच धरते, पण २ तासांसाठी ६.४ मिलिमोल सांगते, म्हणजे साधारण ११५ मि.ग्रॅ. मोठमोठ्या संस्थांमध्येही एवढा फरक असतो, म्हणून ॲपमध्ये भरायचा आकडा तुमच्या डॉक्टरांचाच. मैत्रिणीचा नको, माझाही नको.

पहिल्या घासाचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण पाऊण तास रेंगाळत जेवणाऱ्या बाईसाठी "जेवणानंतर एक तास" याचे दोन अगदी वेगळे अर्थ होतात. बहुतेक ठिकाणी पहिल्या घासापासून मोजतात. तरी विचारून घ्या आणि मग शेवटपर्यंत एकच पद्धत ठेवा.

सामान लागतं ते इतकंच: ग्लुकोमीटर, त्याच मीटरच्या पट्ट्या, बोट टोचायच्या सुया, वापरलेल्या सुयांसाठी झाकणाचा जाड डबा आणि फोन. मीटर ब्लूटूथचं असेल तर सोन्याहून पिवळं, नसलं तरी अडत नाही. सोबत एक छोटी वही असू द्या. फोन कधी पडेल, कधी बंद पडेल, नेम नसतो.

२. ॲप निवडणं

ढोबळमानानं चार जाती आहेत. पहिली साधी वही: आकडा, जेवण, औषध तुम्ही हातानं भरता. मायशुगर हे यातलं बरंच वापरलं जाणारं नाव. दुसरी मीटरच्या कंपनीचं ॲप: मीटरमधले आकडे आपोआप येतात. तिसरी दंडाला किंवा पोटाला चिकटवायच्या, दिवसरात्र आपोआप साखर मोजणाऱ्या सेन्सरचं ॲप. चौथी रुग्णालयाला जोडलेली ॲप, ज्यात तुमचे आकडे थेट तुमच्या दवाखान्यातल्या परिचारिकेला दिसतात. ऑक्सफर्ड विद्यापीठात बनलेलं जीडीएम-हेल्थ हे याचं उदाहरण. तुमच्या रुग्णालयाकडे असं स्वतःचं ॲप असेल तर बाकी शोधाशोध सोडून तेच घ्या. आकडे कोणीतरी जाणकार माणूस बघतोय, यासारखा दिलासा दुसऱ्या कुठल्याच ॲपमध्ये नाही.

अपेक्षा मात्र बेतानं ठेवा. जीडीएम-हेल्थची चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. ॲपवाल्या बायकांची साखर कागदी वहीवाल्या बायकांइतकीच आटोक्यात राहिली, पण मिळालेल्या काळजीबद्दल त्या जास्त समाधानी होत्या. नॉर्वेमध्ये प्रेग्नंट प्लस नावाच्या ॲपची २३८ बायकांवर चाचणी झाली. बाळंतपणानंतरच्या साखर-तपासणीत ॲप वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या बायकांत फरक दिसला नाही. ॲपनं साखर उतरत नाही. विसरणं, हिशेब चुकणं, डॉक्टरांसमोर गोंधळणं एवढं कमी होतं, आणि ज्या बाईच्या डोक्यात आधीच शंभर गोष्टी आहेत तिला तेवढं पुरे आहे.

निवडताना पाच मिनिटं हे तपासा: मर्यादा स्वतः बदलता येतात का? उपाशीपोटी आणि जेवणानंतर यांच्या मर्यादा वेगवेगळ्या ठेवता येतात का? यादी पीडीएफ म्हणून बाहेर काढता येते का, की त्यासाठी पैसे मागतात? शेवटचा अपडेट कधी आला? इंटरनेट नसताना नोंद होते का? पहिल्या दोनपैकी एकालाही "नाही" उत्तर आलं तर ते ॲप काढून टाका.

आणि ही ॲप तर उतरवूच नका: फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून किंवा घड्याळातून सुई न टोचता साखर सांगणारी. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेनं फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट इशारा दिला की त्वचेला न टोचता स्वतः साखर मोजणाऱ्या कुठल्याही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. सेन्सरनं मोजलेला आकडा घड्याळावर दिसणं ही वेगळी गोष्ट. तिथे मोजतो सेन्सर, घड्याळ नुसतं दाखवतं.

३. पहिला अर्धा तास: ॲपला तुमची ओळख करून द्या

ही पायरी मी गाळली होती. तुम्ही गाळू नका.

आधी एकक. साखर दोन एककांत मोजतात: मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटर आणि मिलिमोल प्रति लिटर. मिलिमोलला १८ नं गुणलं की मि.ग्रॅ. मिळतात, ५.३ म्हणजे साधारण ९५. मीटर, ॲप आणि डॉक्टरांचा कागद, तिन्हीकडे एकच एकक हवं.

मग मर्यादा. सेटिंगमध्ये "टार्गेट रेंज" किंवा तशाच नावाची जागा असते. तिथे तुमच्या कागदावरचे आकडे भरा. दुसरं ॲप मिळालंच नाही आणि हातातलं एकच वरची मर्यादा घेत असेल तर जेवणानंतरची भरा आणि उपाशीपोटीच्या आकड्याच्या रंगाकडे सरळ दुर्लक्ष करा. कारण अशा ॲपमध्ये उपाशीपोटीचे ११० देखील हिरवे दिसतील आणि ते हिरवे नाहीत. काही ॲप मधुमेहाचा प्रकार विचारतात आणि त्यात "गरोदरपणातला" असा पर्याय असतो. तो निवडलात तरी मर्यादा उघडून बघाच. मी एका ॲपमध्ये तो निवडला, मर्यादा होत्या तशाच राहिल्या.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी खालची मर्यादाही भरायची. त्यांच्यासाठी वर सांगितलेल्याच अमेरिकन संस्थेचे आकडे उपाशीपोटी ७० ते ९५, १ तासानं ११० ते १४०, २ तासांनी १०० ते १२० असे आहेत.

त्यानंतर घड्याळ. मीटरला स्वतःचं घड्याळ असतं आणि सेल बदलल्यावर ते बऱ्याचदा चुकतं. माझ्या मीटरमध्ये सकाळ-संध्याकाळ उलटी झाली होती. ॲपनं इमानेइतबारे रात्रीच्या जेवणानंतरचे आकडे "उपाशीपोटी" या रकान्यात टाकले. आलेख पाहून मला वाटलं पहाटेची साखर आभाळाला भिडलीय. दोन दिवस रडून झाल्यावर नवऱ्यानं मीटरची वेळ बघितली. मीटर जोडण्याआधी त्याची वेळ आणि तारीख दोन्ही फोनशी ताडून घ्या. प्रवासात वेळ बदलली तर पुन्हा.

ब्लूटूथ जोडताना ॲण्ड्रॉइड फोन परवानगी मागतो. आवृत्ती १२ पासून पुढे ती "जवळपासची डिव्हाइस" या नावानं असते. जुन्या फोनमध्ये त्याच कामासाठी लोकेशनची परवानगी मागतात. ते पाहून दचकू नका. मीटर सापडतच नसेल तर आधी फोनच्या मुख्य ब्लूटूथ यादीतून त्याला काढा आणि मग ॲपच्या आतून जोडा.

शेवटी गजर. ॲपचे गजर वाजत नाहीत ही सार्वत्रिक तक्रार आहे आणि कारण बहुतेक वेळा फोनची बॅटरी-बचत असते. फोन मागे चालणारी ॲप झोपवून टाकतो. सेटिंगमध्ये बॅटरीच्या भागात जाऊन या एका ॲपला बचतीतून वगळा. "डू नॉट डिस्टर्ब" मधूनही वगळा. तरीही भरवसा नसेल तर फोनच्या साध्या टायमरला तोड नाही. पहिला घास घेतला की एक तासाचा टायमर. मी शेवटपर्यंत हेच केलं.

४. बोट टोचणं

आकडाच चुकीचा असेल तर ॲप काय करणार? हात साबणानं धुवा आणि कोरडे पुसा. फळ कापून न धुतलेल्या बोटातून घेतलेला आकडा भलताच वर येतो, मला एकदा २०० च्या पुढे आला होता. हात धुऊन पुन्हा बघितलं तर ११८. अशा वेळी ॲपमधला चुकीचा आकडा खोडा किंवा शेजारी टीप लिहा, नाहीतर आठवड्याचं गणित बिघडतं.

बोटाच्या टोकाला मधोमध न टोचता कडेला टोचा, कमी दुखतं. रोज बोट बदला. पट्ट्यांची बाटली लगेच बंद करा, त्यांना दमट हवा आणि उष्णता चालत नाही. मुदत संपलेली पट्टी वापरू नका. अंगात रक्त कमी असेल तर काही मीटर खऱ्यापेक्षा जास्त साखर दाखवतात. गरोदरपणात हे बऱ्याच जणींचं असतं, म्हणून हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टरांना मीटरबद्दल विचारा.

मीटर तराजू नाही, हेही लक्षात असू द्या. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या २०१३ च्या मानकानुसार १०० च्या खालचे आकडे प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ मि.ग्रॅ. पर्यंत आणि १०० व त्यावरचे १५% पर्यंत इकडेतिकडे असले तरी चालतात, आणि तेही १०० पैकी ९५ वेळा. म्हणजे ९४ ला हिरवा आणि ९७ ला लाल ठिपका पाहून जीव खालीवर करण्यात अर्थ नाही. एकाच मिनिटात दोनदा टोचलं तरी तेवढा फरक पडतो.

५. नोंद: आकड्याशेजारी काय लिहायचं

नुसता आकडा मुका असतो. १५२ का आला हे दोन आठवड्यांनी तुम्हालाही आठवणार नाही. म्हणून प्रत्येक आकड्याला एका ओळीची शेपूट जोडा: काय खाल्लं, किती, जेवणानंतर चालणं झालं का, रात्री झोप झाली का. सर्दी-ताप असेल तर तो. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं असेल तर ते ठळक लिहा, कारण त्यानं पुढचे काही दिवस साखर वाढते आणि कारण माहीत नसेल तर बाई स्वतःलाच दोष देत बसते.

जेवणाचा फोटो काढणं हा सगळ्यात सोपा मार्ग. लिहायचा कंटाळा आला की मी ताटाचा फोटो काढून ॲपमध्ये टाकायचे. डॉक्टरांना माझ्या वर्णनापेक्षा फोटोतून जास्त कळलं. "थोडंसं" म्हणजे किती, ते फोटोत लपत नाही.

फोटोवरून कर्बोदकं मोजून देणारी ॲपही आहेत. त्यांचा आकडा अंदाज म्हणून घ्या. वाटीत किती खोलवर पदार्थ आहे, आत साखर घातली आहे की नाही, हे कॅमेऱ्याला दिसत नाही. आहारतज्ज्ञ बहुधा १५ ग्रॅम कर्बोदकं म्हणजे एक वाटा असा हिशेब शिकवतात. तुमच्या रोजच्या चार-पाच पदार्थांचे वाटे एकदा वजनकाट्यावर मोजून ॲपमध्ये "माझे पदार्थ" म्हणून साठवा. यादीत सापडणारे परके पदार्थ निवडत बसण्यापेक्षा हे कितीतरी अचूक.

यातच एक मोठा खड्डा आहे. आहाराची बरीच ॲप मुळात वजन घटवण्यासाठी बनवलेली असतात. ती उंची-वजन विचारतात, दिवसाला किती खायचं ते ठरवतात आणि त्यापेक्षा कमी खाल्लं की शाबासकी देतात. गरोदरपणात हे घातक आहे. पोट रिकामं ठेवून साखरेचा आकडा खाली आणता येतो, पण शरीर चरबी जाळू लागतं आणि किटोन नावाची आम्लं तयार होतात. गरोदर बाईसाठी दिवसाला किमान १७५ ग्रॅम कर्बोदकं ही शिफारस आहे. आकडा चांगला यावा म्हणून जेवण टाळायचं नाही. अशा ॲपमध्ये वजनाचं ध्येय बंद करता येत नसेल तर ते ॲपच बंद करा.

आता एक कबुली. एकदा मी १५२ चे १३२ लिहिले. तपासणी दुसऱ्या दिवशी होती आणि मला बोलणी खायची नव्हती. लिहिल्यावर रात्रभर झोप लागली नाही. खोट्या आकड्यांवर डॉक्टर औषध ठरवतात, हे तेव्हा पुरतं डोक्यात शिरलं. सकाळी उठून मी तो आकडा दुरुस्त केला. डॉक्टर काहीच बोलल्या नाहीत, फक्त जेवणातला एक वाटा संध्याकाळच्या खाण्याकडे सरकवला. ब्लूटूथ मीटरचा मला वाटलेला सगळ्यात मोठा फायदा हाच: हात आवरता येतो.

६. आकडे वाचणं

रोजचा आकडा रोज बघून सोडून द्या. तीन-चार दिवसांची रांग बघा. नाश्त्यानंतर सलग तीन दिवस १४० च्या वर असेल तर ती माहिती आहे. एखाद्या समारंभानंतर एकदाच १६० आला तर तो एक दिवस होता.

ॲपच्या पहिल्या पडद्यावर मोठ्या अक्षरात सरासरी असते. तिच्याकडे बघू नका. सकाळचे १०५, दुपारचे ९०, रात्रीचे १५५ मिळून सरासरी येते ११७, दिसायला छान. पण त्यात उपाशीपोटीचाही मर्यादेबाहेर गेला आणि रात्रीचाही गेला. त्याऐवजी वेळेनुसार गाळणी लावा: फक्त उपाशीपोटी, फक्त नाश्त्यानंतर. ज्या वेळचे आकडे सतत वर आहेत, तिथेच काम करायचं.

"अंदाजे एचबीए१सी" (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) हा आकडाही ॲप उत्साहानं दाखवतात. गरोदरपणात तांबड्या पेशी लवकर बदलतात, त्यामुळे एचबीए१सी प्रयोगशाळेत केली तरी खऱ्यापेक्षा कमी येऊ शकते. मोजक्या बोट-आकड्यांवरून केलेला ॲपचा अंदाज तर त्याहून कच्चा.

उपाशीपोटीचा आकडा सगळ्यात हट्टी असतो. जेवण बदललं, चालणं वाढवलं, की जेवणानंतरचे आकडे ऐकतात. सकाळचा मात्र रात्रभर चाललेल्या संप्रेरकांच्या कारभाराचा असतो. वारेतून येणारी संप्रेरकं शरीराला इन्सुलिनला दाद देऊ देत नाहीत आणि हा विरोध तिसाव्या आठवड्यानंतरही वाढतच जातो. म्हणून पंधरा दिवसांपूर्वी ज्या जेवणावर १२५ यायचे त्याच जेवणावर आता १४५ येतात. तुम्ही काही चुकवलेलं नसतं. गोळी किंवा इन्सुलिन सुरू करावं लागलं तर ते वारेचं काम आहे, तुमच्या इच्छाशक्तीची परीक्षा नाही.

७. सेन्सर लावला असेल तर

टाइप १ असलेल्या गरोदर बायकांना सेन्सरचा उपयोग होतो, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉन्सेप्ट चाचणीत दिसलं. बाळांनाही त्याचा फायदा झाला. त्यांच्यासाठी ध्येय असं की दिवसाचा ७०% पेक्षा जास्त वेळ साखर ६३ ते १४० मध्ये असावी. सेन्सरच्या ॲपमध्येही आधीपासून भरलेली मर्यादा ७० ते १८० चीच असते, म्हणून तिसरी पायरी इथेही करायची.

सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, पेशींमधल्या द्रवातली मोजतो. त्यामुळे साखर भराभर बदलत असताना तो काही मिनिटं मागे असतो. ज्या दंडाला सेन्सर आहे त्या कुशीवर झोपलात तर दाबामुळे खोटा कमी आकडा येऊन मध्यरात्री गजर होतो. गरोदरपणात कुशीवरच झोपायचं असतं, तेव्हा हे होणारच. अंगात लक्षणं एक सांगत असतील आणि सेन्सर दुसरंच, तर बोट टोचून बघा. जास्त मात्रेतलं क जीवनसत्त्व किंवा पॅरासिटामॉल काही सेन्सरना चकवतं, तुमच्या सेन्सरच्या माहितीपत्रकात ते पाहा.

८. इन्सुलिन आणि कमी साखर

ॲपमधलं इन्सुलिनचं गणितयंत्र डॉक्टरांनी स्वतः त्यात आकडे भरून दिल्याशिवाय वापरू नका. २०१५ मध्ये अशा ४६ ॲपची पाहणी झाली होती, त्यातल्या ६७% मध्ये चुकीची मात्रा सुचवली जाण्याचा धोका आढळला. गरोदरपणात तर इन्सुलिनची गरज दर आठवड्याला बदलते, मागच्या महिन्यात भरलेलं प्रमाण या महिन्यात शिळं असतं. ॲपमध्ये घेतलेल्या युनिटची आणि वेळेची नोंद करा, एवढंच. "घेतलं की नाही?" हा प्रश्न रात्री दहा वाजता पडतो तेव्हा ती नोंद लाखमोलाची ठरते आणि दुसऱ्यांदा टोचणं टळतं.

हात थरथरणं, घाम, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी: आकडा ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम भरभर रक्तात जाणारी साखर घ्या (ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखरेचं पाणी), १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. आधी खा, नोंद मग. मी एकदा थरथरत्या हातानं ॲपमध्ये आकडा भरत बसले होते. सवय किती वेडी असते!

शेवटच्या महिन्यात इन्सुलिन तेवढंच असताना साखर वारंवार खाली जाऊ लागली, तर "आता बरं वाटतंय" असं समजू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. बाळाची हालचाल कमी वाटली तर कुठलंही ॲप न उघडता थेट रुग्णालयात फोन करा.

९. डॉक्टरांकडे जाताना

आदल्या रात्री दोन आठवड्यांचा पीडीएफ काढा आणि छापून न्या. तपासणीच्या खोलीत फोनचा पडदा सरकवत बसण्यात पाच मिनिटं जातात आणि तुमच्या वाट्याला एकंदर दहाच येतात. छापील पानावर वाढलेल्या आकड्यांभोवती पेनानं गोल करा, शेजारी एक-दोन शब्द लिहा. मीटरही सोबत न्या. पट्टीतला आणि प्रयोगशाळेतला आकडा एकाच वेळी ताडून बघायची संधी तिथे मिळते.

ॲपनं बनवलेले रंगीत वर्तुळाकार आलेख मी पहिल्यांदा कौतुकानं नेले होते. डॉक्टरांनी ते उलटून सरळ आकड्यांचा तक्ता मागितला. उपाशीपोटी, नाश्ता, दुपार, रात्र, असे चार रकाने. तोच न्या.

१०. माहिती कोणाकडे जाते

गरोदरपण आणि मधुमेह या दोन्ही गोष्टी जाहिरातदारांना हव्याच असतात. मधुमेहाच्या ॲण्ड्रॉइड ॲपची एक पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, २११ पैकी ८१% ॲपना गोपनीयतेचं धोरणच नव्हतं. म्हणून संपर्क यादी, मायक्रोफोन अशा परवानग्या नाकारा, समाजमाध्यमाच्या खात्यानं लॉगिन करू नका आणि "खातं व माहिती कायमची मिटवा" ही सोय कुठे आहे ते आधीच शोधून ठेवा. ॲप नुसतं काढून टाकल्यानं कंपनीकडची माहिती मिटत नाही.

नवऱ्याला किंवा घरातल्यांना आकडे दिसावेत का, हे तुम्ही ठरवा. मी सुरुवातीला दिले होते. प्रत्येक लाल ठिपक्यानंतर "काय खाल्लंस?" असा संदेश यायला लागल्यावर बंद केले, फक्त कमी साखरेचा इशारा चालू ठेवला.

११. बाळंतपण आणि त्यानंतर

रुग्णालयात जायच्या पिशवीत मीटर, पट्ट्या आणि चार्जर ठेवा. यादीची छापील प्रत वर ठेवा, कळा सुरू असताना पासवर्ड आठवत नाही. वार बाहेर पडली की इन्सुलिनची गरज झपाट्यानं उतरते. त्यामुळे ॲपमधले जुने मात्रेचे गजर त्याच दिवशी बंद करायला घरातल्या कोणालातरी आधीच सांगून ठेवा. टाइप १ असलेल्यांनी बाळंतपणानंतरच्या मात्रा आठव्या-नवव्या महिन्यातच डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. स्तनपान करतानाही साखर खाली जाऊ शकते, म्हणून दूध पाजायला बसताना जवळ खाऊ ठेवा.

आणि ॲप लगेच काढू नका. आधी सगळी यादी पीडीएफ करून ईमेलवर ठेवा, पुढच्या गरोदरपणात पहिल्याच भेटीत ती लागेल. मग कॅलेंडरमध्ये एक गजर लावा: बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी. गरोदरपणात मधुमेह झालेल्या बाईला पुढे टाइप २ होण्याचा धोका इतरांच्या जवळपास दहापट असतो, म्हणून ती तपासणी चांगली आली तरी दर १ ते ३ वर्षांनी पुन्हा करायची असते. बाळाच्या लशींच्या तारखा सगळ्यांच्या तोंडपाठ असतात, ही तारीख कोणी आठवण करून देत नाही. माझा गजर सहाव्या आठवड्यात वाजला तेव्हा बाळ नुकतंच झोपलं होतं. मी तो पुढे ढकलला, दुसऱ्या दिवशीही ढकलला आणि तिसऱ्या दिवशी आईला घरी बसवून तपासणीला गेले.